ग्वाल्हेरचा उन्हाळा : घर, कूलर, पाणी आणि उष्माघात यांचं सविस्तर मार्गदर्शन

ग्वाल्हेरात मेच्या मध्यावर पारा ४५च्या आसपास गेला, तर शहरातल्या लष्कर किंवा मुरार भागात कुणी मान वर करून पाहत नाही. पुण्यामुंबईहून लग्नाला आलेले पाहुणे मात्र पहिल्या दुपारी हमखास म्हणतात, "ऊन कडक आहे, पण घाम येत नाही, हे बरं." घाम येत असतो. हवा इतकी कोरडी असते की तो दिसायच्या आत वाळतो. या शहरातला उन्हाळा बाधण्याचं आणि त्यातून तगून जाण्याचंही कारण हेच आहे.

त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याहून तापली की अंगातली उष्णता बाहेर जायचं सोडून हवेतली उष्णता अंगात शिरू लागते. मग शरीराजवळ एकच उपाय उरतो, घाम सुकवणं. एक लिटर घाम सुकताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणून या मोसमात कुठलाही उपाय तपासायला दोनच प्रश्न पुरे आहेत. याने घाम सुकायला मदत होते का? आणि सुकलेला घाम भरून निघतो का?

आकडा कसा वाचायचा

हवामान खात्याचा आकडा सावलीतला असतो. गवताळ मोकळ्या जागेत, झडपा असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास ठेवलेल्या तापमापीचा. बाड्यावर, म्हणजे शहरातल्या मुख्य चौकात, डांबरी रस्त्यात उभ्या माणसाला याच्या कितीतरी अधिक सोसावं लागतं. गाडीच्या डॅशबोर्डवरचे ५० आणि ५२ मात्र तापलेल्या पत्र्याजवळचे आकडे असतात, त्यांचे फोटो पाठवण्यात अर्थ नाही. खुद्द सरकारी यंत्रही चुकू शकतं. २९ मे २०२४ ला दिल्लीच्या मुंगेशपूरला ५२.९ नोंदले गेले आणि तपासाअंती तो सेन्सर ३ अंश जास्त दाखवत असल्याचं निघालं. देशातला मान्य उच्चांक राजस्थानात फलोदीचा आहे, १९ मे २०१६ चा ५१ अंश.

मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० असेल आणि ते त्या दिवसाच्या सरासरीहून ४.५ ते ६.४ अंशांनी वर असेल, तर उष्णतेची लाट मानतात. ६.४च्या वर गेलं तर तीव्र लाट. सरासरी काहीही असो, ४५ला लाट आणि ४७ला तीव्र लाट धरतात. किनाऱ्यावर सुरुवातीची अट ३७ची आहे आणि डोंगरात ३०ची. तेव्हा मुंबईच्या ३८ला 'लाट' म्हटलं की ग्वाल्हेरकरांनी हसू नये. तिथे हवा दमट असते, घाम अंगावरून ओघळतो पण सुकत नाही, आणि न सुकलेला घाम शरीराला काडीचाही थंडावा देत नाही.

इशाऱ्यांत पिवळा, नारिंगी आणि लाल असे रंग असतात. 'मौसम' ॲपवर जिल्हावार दिसतात. पण रंगापेक्षा किमान तापमानाची ओळ आधी वाचा. दिवसा ४५ आणि पहाटे २६ असेल तर शरीर रात्री सावरतं. दिवसा ४३ आणि पहाटे ३३ अशा चार रात्री लागोपाठ गेल्या तर धडधाकट माणूसही खचतो, घरातली म्हातारी माणसं तर आधी. खातं 'उष्ण रात्री'चा वेगळा इशारा देतं तो यासाठीच. आजी-आजोबा असलेल्या घरात लाल रंगाइतकंच महत्त्व या ओळीला द्यावं.

नवतपा २५ मेच्या सुमारास लागतो. सूर्य रोहिणीत जातो तेव्हापासूनचे नऊ दिवस. दर वर्षी सर्वांत कडक दिवस याच नऊत येतात असं नाही, पण कूलर उघडायला नवतप्याची वाट पाहणारा माणूस दीड महिना उशिरा जागा होतो. तयारी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हवी.

छत आणि पश्चिमेची भिंत

ग्वाल्हेर २६ अंश उत्तरेला आहे. मेअखेर ते जुलैपर्यंत भर दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर येतो, सव्वाबाराच्या सुमारास. म्हणजे दक्षिणेच्या भिंतीला या दिवसांत ऊन जेमतेम लागतं. झोडपली जातात ती छत आणि संध्याकाळकडे पश्चिमेची भिंत. दक्षिणेच्या खिडकीला महागडे पडदे लावून पश्चिमेची उघडी ठेवणारी घरं या शहरात पुष्कळ आहेत.

जुन्या लष्करातल्या वाड्यांची छतं दगडी पटियांची, म्हणजे लांब फरशांची. दगड दिवसभर तापतो आणि रात्री एक-दोन वाजेपर्यंत ती ऊब खोलीत सोडत राहतो. नव्या काँक्रीटचंही तेच. स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे छत पांढरं करणं. कळीचा चुना किलोला पाच लिटर पाणी या हिशेबाने विरवा. चुना पाण्यात थोडा थोडा टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. तो उकळून उडतो आणि डोळा जाऊ शकतो. प्लास्टिकची बादली वितळते, लोखंडी ड्रम घ्या, चष्मा लावा, मुलांना लांब ठेवा. एक दिवस मुरू द्या, जाड कापडातून गाळा, गरम पाण्यात विरघळवलेला थोडा गोंद मिसळा म्हणजे बोटाला पांढरं लागत नाही. छत झाडून, धुऊन, उन्हं उतरल्यावर पहिला हात उत्तर-दक्षिण आणि वाळल्यावर दुसरा पूर्व-पश्चिम द्या. चुना एका पावसाळ्यात जातो. चार-पाच वर्षं टिकायला हवा असेल तर छतासाठी मिळणारा पांढरा परावर्तक रंग घ्या. वरच्या मजल्यावरची खोली दोन-चार अंशांनी उतरते. सरळ उन्हाखालच्या एकमजली घरात फरक जास्त कळतो.

पश्चिमेच्या खिडकीला पडदा आतून लावला तर काच ओलांडून आलेली उष्णता खोलीतच अडकते. आडोसा बाहेरून हवा. बांबूच्या काड्यांचा पडदा (चीक), चटई, हिरवी जाळी, काहीही चालेल. वाळ्याचा पडदा मिळाला तर उत्तम, कारण त्यावर पाणी शिंपडलं की लू, म्हणजे दुपारचा तापलेला कोरडा वारा, आत येतानाच निवते.

खिडक्यांचं वेळापत्रक पाळलं तर कूलरवरचा भार बराच कमी होतो. पहाटे ४ ते ८ सगळं उघडं, साडेआठ-नऊला बंद (कूलर चालू असेल त्या खोलीत हवा बाहेर जायला एक फट सोडून), रात्री बाहेरची हवा आतल्याहून गार वाटू लागली की पुन्हा उघडं. ती वेळ साधारण दहाच्या पुढे येते. सात वाजता 'ऊन गेलं' म्हणून खिडक्या उघडणं ही नेहमीची चूक आहे. बाहेर तेव्हाही ४० असतात.

म्हाताऱ्या माणसांचं अंथरूण दोन महिन्यांसाठी खाली, उत्तरेच्या किंवा मधल्या खोलीत हलवा. सगळ्या उपायांत हा एक फुकटचा आहे आणि सगळ्यांत जास्त टाळला जातो.

कूलर

कोरड्या हवेत कूलरइतकं कामाचं यंत्र नाही. हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असताना पाण्याच्या बाष्पीभवनाने ती जास्तीत जास्त २३ अंशांच्या आसपास उतरू शकते. कूलरची चांगली ओली जाळी या अंतराच्या सुमारे ८० टक्के गाठते, म्हणजे झोतातली हवा २७-२८ला मिळते. गवताची साधारण जाळी ७० टक्के धरली तर २९-३०. तोच कूलर जुलैत, हवा ३६ आणि आर्द्रता ६५ टक्के असताना लावा. झोतातली हवा ३१च्या वर राहील आणि खोलीत दमटपणा भरेल. यंत्र तेच, मोसम वेगळा. मुंबईच्या बहिणीला कूलर भेट देऊ नये तो यासाठी.

मोसमाच्या सुरुवातीला कूलर उघडलात की प्रथम टाकीचा तळ पाहा. गंज घासून काढा आणि गंजरोधक रंगाचे दोन हात द्या. तळाला सुईएवढं भोक असेल तर आताच एम-सील भरा. पाण्याचा पंप बादलीत बुडवून वेगळा चालवून पाहा. वर्षभर पडून त्याचा रोटर जाम झालेला असतो, बहुतेकदा बोटाने दोन-चार वेळा फिरवला की सुटतो. वरच्या नळीतली भोकं क्षाराने बुजतात, ती एकेक तारेने मोकळी करा. भोक बुजलं की त्याखालची जाळी कोरडी राहते, आणि हवा नेहमी कोरड्या, सोप्या वाटेने घुसते. निम्मी जाळी ओली असलेला कूलर निम्मा गार करत नाही, तो गरम आणि गार हवा मिसळून देतो.

गवत भरताना कंजुषी आणि उदारपणा दोन्ही नकोत. सगळीकडे सारखा, दोन-तीन सेंटीमीटरचा थर पुरे. उजेडाकडे धरून पाहा, भसकन उजेड दिसतो तिथे भरा, काळं दिसतं तिथे काढा. नवं गवत रात्रभर भिजवून पिवळं पाणी टाकून द्या, नाहीतर आठवडाभर खोलीत लाकडाच्या वखारीचा वास. मधाच्या पोळ्यासारखी जाळी असेल तर ती ब्रशने घासू नका, कागद फाटतो. उलट बाजूने पाण्याची हलकी धार सोडा.

जागा : कूलरने हवा बाहेरून ओढली पाहिजे. खोलीच्या आत ठेवलेला कूलर तीच हवा पुन्हा पुन्हा ओली करतो. उत्तरेची किंवा पूर्वेची खिडकी बरी. पश्चिमेचीच असेल तर कूलरवर सावली करा, पण जाळ्यांपासून फूटभर अंतर सोडून.

आता ज्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं ते. कूलरची हवा आत येते तेवढीच बाहेर गेली पाहिजे. समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार उघडं हवं, निदान कूलरच्या तोंडाएवढी फट. वर्तमानपत्राची पट्टी त्या फटीत धरा. ती बाहेरच्या दिशेने फडफडली तर ठीक, लटकून राहिली तर आणखी उघडा. 'थंडावा बाहेर जातो' म्हणून दारं लावून घेणाऱ्यांच्या खोलीत अर्ध्या तासात भिंतींना ओल येते, चादर चिकट होते, आणि घाम सुकायचा थांबतो. मग दोष कूलरच्या कंपनीला.

चालवताना पंप आधी, पंखा पाच मिनिटांनी. सकाळी बंद करताना उलट : पंप बंद करून पंखा पंधरा मिनिटं चालवा, जाळी वाळते आणि कुजका वास येत नाही.

पाणी किती लागतं? मध्यम कूलर तासाला दोन हजार घनमीटर हवा ढकलत असेल आणि हवा १६ अंशांनी उतरवत असेल, तर तासाला १५ लिटरच्या आसपास पाणी उडून जातं. मोठा लोखंडी कूलर याच्या दुप्पट पितो. तिघरा धरणाचं पाणी एक दिवसाआड येऊ लागलं की हा हिशेब घरात भांडणं लावतो, त्यामुळे रात्रभर चालणारा कूलर एकच, सगळ्यांची अंथरुणं त्याच खोलीत, हे शहाणपणाचं. उडणारं पाणी शुद्ध असतं, क्षार टाकीत साचतात. बोअरचं पाणी असेल तर दर दोन-तीन दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करा. ते खारट पाणी कुंड्यांना घालू नका. सूर्यास्तानंतर गच्चीवर शिंपडा, छत निवायला कामी येतं.

आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून कडा ब्रशने घासणं चुकवू नका. डेंगीचा डास अंडी पाण्यात नव्हे, पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटवतो. ती कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात. नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळ्यात आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याची मुदत.

आणि शॉक. लोखंडी पेटी, पाणी, अनवाणी ओला पाय आणि वीज, यांची गाठ पडून उत्तर भारतात दर उन्हाळ्यात माणसं जातात. तीन पिनांचा प्लग हवा, आणि बोर्डातली तिसरी तार खरोखर जमिनीत गेलेली हवी. जुन्या वाड्यांत ती पुष्कळदा भिंतीतच संपलेली असते. वीजमिस्त्रीकडून अर्थिंग तपासून घ्या आणि कूलरच्या लाइनवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच लाइन तोडणारा स्विच) बसवा. पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. पंपाची वायर पाण्याखाली जोडलेली, टेप गुंडाळलेली असेल तर ती आजच बदला. मुलांना शिकवून ठेवा : कुणी कूलरला चिकटला तर त्याला हात लावायचा नाही, मेन स्विच पाडायचा.

एसी असेल तर २५-२६वर ठेवून वर छताचा पंखा संथ चालवा. बाहेरचं युनिट पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात असेल तर सावली करा, पण त्याची गरम हवा कोंडू देऊ नका.

वीज गेली की

१५० अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर १८०० वॉट-तासांची. व्यवहारात हजार-बाराशे मिळतात. १८० वॉटचा कूलर आणि दोन जुने पंखे ७५ वॉटचे, म्हणजे ३३० वॉट, सव्वातीन तास. तेच दोन पंखे ३० वॉटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) असतील तर साडेचार तासांच्या पुढे. उन्हाळ्यात बॅटरीचं पाणी लवकर उडतं, दर महिन्याला पातळी पाहून डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं किंवा आरओचं नाही.

नुसता पंखा ४० अंशांपर्यंत ठीक. त्यापुढे कोरड्या अंगावर तो भट्टीची हवा फेकतो. अंग ओलं असेल तर मात्र पंखा पुन्हा कामाचा होतो. वीजही गेली तर ओला पंचा अंगावर घेऊन, पाय पाण्याच्या घमेल्यात सोडून, हातपंख्याने वारा घ्या. दर दहा मिनिटांनी पंचा पुन्हा भिजवा.

गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हात पोळेल इतकं तापतं. म्हणून सकाळी सहालाच न्हाणीघरात दोन बादल्या भरून, झाकून ठेवायच्या. अंघोळीसाठी म्हणून नव्हे. दुपारी कुणाला लू लागली, म्हणजे ऊन बाधलं, तर ओतायला गार पाणी घरात तेवढंच असतं.

प्यायचं काय, किती

तहान लागेपर्यंत थांबायचं नाही, पण लिटरभर एका दमात रिचवायचंही नाही. उन्हात काम करणाऱ्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला. तासाला दीड लिटरच्या वर नको, कारण मिठाशिवाय नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडिअम उतरतं. त्याची लक्षणं, डोकेदुखी, मळमळ, भ्रम, लू लागल्यासारखीच दिसतात आणि लोक आणखी पाणी पाजतात. लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक. गडद झाली किंवा दुपारपर्यंत झालीच नाही तर मागे पडलात.

ओआरएसचं पाकीट एक लिटरचं असेल तर एक लिटरमध्येच. अर्ध्या पेल्यात सगळं ओतलं तर जुलाब होतात. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चव अश्रूंहून खारट लागली तर फेकून नवं करा. दुकानात 'ओआरएस' सारख्या नावाने विकली जाणारी फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएस नव्हेत, पाकिटावरचा मजकूर वाचा.

कैरीचं पन्हं उत्तम, मीठ आणि जिरं घालून, गूळ बेताचा. पातळ ताक, सत्तू, बेलाचं सरबत, सगळं चालतं. चहा दोन वेळा घेतला तर काही बिघडत नाही. दारू मात्र बिघडवते. खिशात कांदा ठेवण्याने अपायही नाही आणि उपायही नाही. तो ताकाबरोबर खाल्लेला बरा.

हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात पाणी मोजून सांगितलेलं असतं. त्यांनी आणि लघवी वाढवणाऱ्या, रक्तदाबाच्या किंवा मनोविकाराच्या गोळ्या घेणाऱ्यांनी मार्चअखेरीलाच डॉक्टरांना 'उन्हाळ्यात मात्रा बदलायची का' असं विचारावं. स्वतःहून गोळी बंद करू नये. इन्सुलिनचा साठा फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत. वापरातली कुपी वीज गेल्यावर ओल्या माठात, कोरड्या डब्यात घालून ठेवा. ग्वाल्हेरच्या कोरड्या हवेत माठ चांगला निवतो.

पाहुणे, मुलं, लग्नं

शरीराला उष्णता अंगवळणी पडायला एक ते दोन आठवडे लागतात. घाम लवकर आणि जास्त सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं. कालच पुण्याहून आलेल्या काकांना हे मिळालेलं नसतं, म्हणून पहिल्याच दुपारी त्यांना किल्ला दाखवायला नेऊ नका. पहिल्या दिवशी थोडं, मग रोज थोडं वाढवा. मजुरांनाही हाच नियम : नव्याला पहिल्या दिवशी पाचव्या हिश्शाएवढं उन्हातलं काम, रोज तेवढंच वाढवत पाचव्या दिवशी पूर्ण.

बाहेरची कामं साडेदहाच्या आत किंवा सहानंतर. सुती, सैल, फिकट, पूर्ण बाह्यांचे कपडे. लूमध्ये उघडे हात गार राहत नाहीत, भाजतात. दुचाकीवर डोक्याला ओला गमछा, वर हेल्मेट. मुलाला बंद गाडीत दोन मिनिटंही सोडू नका. दहा मिनिटांत आत दहा अंश चढतात, काच बोटभर उघडी ठेवून फरक पडत नाही.

लग्नाच्या पंगतीत आमरस, श्रीखंड आणि पनीर तासाभराच्या वर बाहेर राहू नये. या उकाड्यात जंतूंना तेवढा वेळ पुरतो. जुलाब झालेला माणूस दुपारच्या उन्हाला सगळ्यांत आधी बळी पडतो.

लू लागली तर

चक्कर, पोटऱ्यांत गोळे, मळमळ, खूप घाम, पण माणूस नीट बोलतो आहे, तर ही दमणूक. सावलीत आडवं करा, पाय थोडे उंच, ओला पंचा, वारा, घोट घोट ओआरएस. अर्ध्या तासात उतार पडला नाही किंवा उलट्या थांबल्या नाहीत तर दवाखाना.

बोलणं असंबद्ध झालं, चाल लटपटली, चिडचिड किंवा बडबड सुरू झाली, झटका आला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात. नाव, वार, 'आपण कुठे आहोत' हे तीन प्रश्न विचारा. एक चुकला तरी उष्माघात समजून कामाला लागा. 'घाम येतोय म्हणजे लू नाही' हे खोटं आहे. काम करताना उष्माघात झालेल्या माणसाचं अंग घामाने ओलंही असतं. काखेतली तापमापी कमी आकडा दाखवते, तिच्या ३९वर निर्धास्त राहू नका. आतलं तापमान ४०च्या वर असू शकतं.

क्रम असा :

१. एकाने १०८ ला फोन करायचा. बाकीच्यांनी थांबायचं नाही. गाडी येईपर्यंत थंड करणं हेच उपचार आहेत, पहिला अर्धा तास मोलाचा.

२. सावलीत, शक्य तर कूलरसमोर न्या. बाहेरचे कपडे काढा, लागलं तर कात्रीने कापा.

३. न्हाणीघरातल्या त्या दोन बादल्या आणा. सर्वांगावर सतत पाणी ओता आणि जोरात वारा घाला. आपल्या कोरड्या हवेत पाणी आणि वारा मिळून फार वेगाने उष्णता ओढतात. चादर गुंडाळली तर दर दोन-तीन मिनिटांनी पुन्हा भिजवा, नाहीतर ती गोधडीचं काम करते.

४. बर्फ असेल तर फडक्यात बांधून मान, काखा आणि जांघांत. तरुण, काम करताना कोसळलेला माणूस असेल आणि मोठा टब किंवा हौद जवळ असेल, तर मानेपर्यंत गार पाण्यात बसवणं सर्वांत वेगवान. मात्र डोकं धरून एक माणूस सतत हवा.

५. शुद्ध नसेल किंवा भ्रम असेल तर तोंडात पाण्याचा थेंबही नाही, ते फुप्फुसात जातं. कुशीवर वळवून ठेवा.

६. पॅरासिटामॉल देऊ नका. हा ताप नाही, त्या गोळीचा उपयोग होत नाही आणि तापलेल्या यकृतावर भार पडतो. स्पिरिट चोळणं, तळव्यांना कांदा घासणं, यात मिनिटं जातात.

७. माणूस नीट बोलू लागला, कुडकुडू लागला की पाणी थांबवा, पण दवाखान्यात न्याच. जयारोग्य या सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात. मूत्रपिंड आणि यकृताची इजा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघड होते.

गाडीत घालून आधी पळायचं आणि थंड नंतर करायचं, हा क्रम जीव घेतो. रस्त्यातही खिडक्या उघड्या, बाटलीने पाणी चालूच.

आंधी

मे-जूनच्या संध्याकाळी पश्चिमेचं आभाळ पिवळं-तपकिरी झालं की धुळीचं वादळ यायच्या आत दहा-पंधरा मिनिटं हातात असतात. २ मे २०१८ ला आग्रा, धोलपूर, भरतपूर पट्ट्यात आलेल्या वादळाने शंभराहून जास्त माणसं गेली. बहुतेक भिंती, पत्रे आणि झाडं कोसळून. तेव्हा क्रम : गच्चीवरची माणसं खाली, टाकीची झाकणं बांधा, कूलर बंद करून प्लग काढा, पश्चिमेच्या खिडक्या लावा. कपडे शेवटी, उडाले तर उडू देत. कच्ची कंपाउंडची भिंत, होर्डिंग आणि जुना कडुलिंब यांच्या आडोशाला उभं राहू नका. महामार्गावर असाल तर गाडी रस्त्यापासून पूर्ण खाली उतरवून थांबवा. नंतर रस्त्यावर पडलेल्या तारेला, ती मेलेली दिसली तरी, दहा मीटरच्या आत जाऊ नका.

वीज चमकली आणि ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती तुमच्यापर्यंत पोहोचू शकते. घरात किंवा बंद गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच थांबा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपास पडणाऱ्या विजा दाखवतं, ते फोनमध्ये असू द्या.

कूलर कधी थांबवायचा

ग्वाल्हेरात मोसमी पाऊस साधारण जूनच्या शेवटच्या आठवड्यात येतो. त्याआधीच पूर्वेचा दमट वारा सुरू होतो आणि कूलरपुढे बसूनही मान चिकचिकते. तेव्हा आधी पंप बंद करा, नुसता पंखा चालवा. संपूर्ण मोसम निघाल्यावर टाकी रिकामी करून घासा, गवत फेकून द्या (पुढच्या वर्षी चालेल म्हणून ठेवू नका, त्यात बुरशी धरते), पंप काढून पुसून पिशवीत घाला, पत्र्याला तेलाचा हात द्या आणि प्लास्टिकऐवजी जुनी सुती चादर घाला. प्लास्टिकखाली ओल कोंडते आणि एप्रिलमध्ये तळाला पुन्हा भोक सापडतं.